वेंधळ्या गुप्तहेराचा ॲनिमेशनपट: पुठ्ठा, टिकल्या, मोबाइल आणि एक घडवंची

गेल्या उन्हाळी सुट्टीत शाळेतल्या नऊ मुलांना घेऊन मी तीन मिनिटांचा ॲनिमेशनपट केला. नायक वेंधळा गुप्तहेर, गाव आमच्या मराठवाड्यातल्या वसमतकडचं, सामान घरातलं. तेव्हापासून ओळखीतले शिक्षक आणि पालक "कसं केलं ते सांगा" म्हणतात. फोनवर सांगताना नेमकं मोलाचं तेवढं राहून जातं, म्हणून सगळं इथं क्रमानं लिहिते. फोटो काढणं, जोडणं हा भाग सोपा आहे, पाचवीतली पोरं दोन दिवसांत शिकतात. अवघड असतो तो नायकाचा वेंधळेपणा. त्याच्यासाठी जास्त जागा लागणार आहे.

आधी माणूस ठरवा

मुलांना "वेंधळा गुप्तहेर काढा" म्हटलं की पहिल्या दिवशी ठरलेलीच चित्रं येतात: ढेरपोट्या, दात पुढं आलेला, तोतरा, लंगडा आणि "खेड्यातल्यावानी" बोलणारा. ती सगळी चित्रं मी बाजूला ठेवायला लावली. तोतरेपणावर हसवलं तर वर्गातलं तोतरं बोलणारं लेकरू त्या दिवसापासून गप्प होतं. बोलीचं दुखणं तर आमचं सगळ्यांचं आहे. पडद्यावर "करायलोय", "कळंना गेलंय" ऐकू आलं की समोर विनोदी पात्र असणार, हे आपण गृहीतच धरतो. ती आमच्या मुलांच्या घरची भाषा आहे. म्हणून पहिला नियम केला: सगळी पात्रं याच बोलीत बोलतील. आजी, नात, गोष्ट सांगणारा आवाज, सगळे. मग बोलीवर हसायला कोणाला जागाच उरत नाही आणि हसू गुप्तहेराच्या करणीतून काढावं लागतं.

वेंधळा आणि मूर्ख यांत फरक आहे. मूर्खाला काही कळत नाही. वेंधळ्याचं मन कामात इतकं बुडालेलं असतं की पायाखालचं दिसत नाही. तो मनापासून राबतो, घाम गाळतो, आणि म्हणूनच आपल्याला आवडतो. मुलांना हे समजावताना मी तमाशातल्या सोंगाड्याचं उदाहरण दिलं. सोंगाड्या भाबडेपणानं प्रश्न विचारतो, उत्तर समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि आपण त्याच्या बाजूनं आतुरतेनं वाट बघतो.

मग मुलांकडून एक वाक्य पुरं करून घ्या: "मामा नेहमी ...... शोधतो, म्हणून त्याला ...... दिसत नाही." आमच्या मुलांनी तासभर भांडून लिहिलं: "मामा नेहमी लांबचं शोधतो, म्हणून त्याला अंगावरचं दिसत नाही." काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी फळ्यावर लिहिली नव्हती. एका मुलीनंच आठवण करून दिली. पुढचा प्रत्येक विनोद या वाक्यावर घासून बघा. केळीच्या सालीवरून घसरणं या वाक्यातून येत नाही, म्हणून ते गळालं. भिंगातून दूरचं झाड न्याहाळताना स्वतःचं उपरणं हळदीच्या ढिगात बुडणं या वाक्यातूनच येतं, म्हणून ते राहिलं.

नाव ठेवलं झुंबरमामा. डोक्याला पटका, खांद्यावर गुडघ्यापर्यंत लोंबणारं पांढरं उपरणं, हातात बांगडीचं भिंग.

गोष्ट शेवटाकडून रचा

रहस्यकथा पुढून लिहायला बसलात तर मुलं चोर, दरोडेखोर, भूत, हेलिकॉप्टर असं वाढवत जातात आणि उकल कोणाकडेच नसते. म्हणून आधी उकल ठरवा, मग तिथपर्यंत नेणारे पुरावे आणि सर्वांत शेवटी गुन्हा. उकल आपल्याच गावात सापडते. आमच्या भागात हळद निघाली की ती शिजवून अंगणाअंगणात वाळत घालतात, वसमतचा बाजार पिवळा होतो. आणि हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे प्रत्येक आजीला ठाऊक असतं, कारण हळदीपासून कुंकू करायची जुनी रीत हीच. एवढ्यावर आमचं रहस्य उभं राहिलं.

गोष्ट अशी. आजीची चुन्याची डबी हरवते. खरं तर मामानंच पान खाताना बोलण्याच्या नादात ती उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधलेली असते, आणि हे आपल्याला पहिल्या पंधरा सेकंदांत दिसतं. मामा शोधाला निघतो. उपरणं हळदीतून फरफटत जातं आणि दारावर, रांजणावर, शेळीवर पिवळे पट्टे उमटतात. मामा त्या पट्ट्यांचा माग काढत स्वतःच्याच मागं दोन चकरा मारतो. तेवढ्यात डबीचं झाकण सैल होऊन चुना पाझरतो आणि पट्टे लाल होऊ लागतात. मामा ओरडतो, "माय, रगत!" आजी कपाळावरच्या कुंकवाला बोट लावते. "आरं येड्या, रगत न्हाय ते. हळदीला चुना लागलाय." नात ठकी म्हणते, "मंग चुना जिथं, डबी तिथं." आणि सगळे मामाच्या उपरण्याकडं बघतात.

यात प्रत्येक पुरावा कशातून तरी आला आहे. पिवळा पट्टा का, लाल का झाला, उलगडा आजीनं का करावा, सगळ्याला उत्तर आहे. लहान मुलांच्या चित्रपटात तर्क ढिला चालतो हा मोठ्यांचा गैरसमज आहे. आमच्याकडं चौथीतल्या एकानं विचारलं होतं, "डबी बंद असली तर चुना आला कुठून?" म्हणून सैल झाकणाचं एक दृश्य वाढवावं लागलं.

कोणाला काय ठाऊक

आता स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची चित्रपट्टी. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर चौकोन आखा, एका चौकोनात एक दृश्य. चित्र काडीच्या माणसाचं असलं तरी पुरे. प्रत्येक चौकोनाखाली मात्र तीन ओळी हव्यात: मामाला काय ठाऊक, ठकीला काय ठाऊक, बघणाऱ्याला काय ठाऊक. आमची सव्वीस दृश्यं होती. त्यांतल्या ज्या चौकोनात तिन्ही ओळी सारख्या निघाल्या, तिथं हसू नव्हतं आणि उत्सुकताही नव्हती. अशी चार दृश्यं कापली. पूर्ण कामात सर्वांत उपयोगी पडलेला कागद हाच.

बघणाऱ्याला नेहमी मामापेक्षा एक पाऊल जास्त ठाऊक असू द्या. मोठ्यांच्या गुप्तहेरकथेत उलटं असतं, तिथं गुप्तहेर आपल्या पुढं असतो. वेंधळ्या गुप्तहेराच्या बाबतीत पुढं आपण असतो.

आवाज आधी, फोटो नंतर

संवाद पहिल्यांदा रेकॉर्ड करून घ्या, कारण तोंडाची हालचाल आवाजाच्या मापानं बसवायची असते. खोलीत आवाज घुमतो. दोन खुर्च्यांवर जाड वाकळ टाकून तंबू करा, आत बसा, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा. समोर धरलात तर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो. प्रत्येक वाक्य तीनदा घ्या, तिसऱ्यांदा मुलं वाचायचं सोडून बोलायला लागतात.

आजीचा आवाज मुलांनी काढू नये असं माझं ठाम मत आहे. गल्लीतल्या खऱ्या आजीला बोलवा. आमच्या आजींनी "आरं येड्या" मधला "आरं" इतका लांबवला की ते दृश्य आम्हाला अर्ध्या सेकंदानं वाढवावं लागलं, आणि ते फार छान झालं.

बाहुल्या

पुठ्ठा लग्नपत्रिकांचा घ्या. कडक, गुळगुळीत, आणि लग्नसराईनंतर घरोघरी थप्पी असते. बाहुली बाजूनं दिसणारी काढा, कारण समोरून चालणारा माणूस कापीव कागदात दाखवणं कठीण. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी जुनी चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेतली, चित्रं मुलांना जरूर दाखवा. बाजूनं काढलेला चेहरा, त्यावर मोठाच्या मोठा डोळा, आणि रेघेत जोर. आमच्या मामाचा डोळा तिथून आला. कापीव बाहुल्या म्हणजे कमी दर्जाचं काम असं कोणाला वाटत असेल तर सांगते, जर्मनीच्या लोटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये काळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या कात्रीनं कापून तासाभराहून मोठा चित्रपट पूर्ण केला होता.

मामाची उंची १५ सेंटिमीटर ठेवा. डोकं, धड, दंड, कोपराखालचा हात, मांडी, पोटरी आणि पाऊल असे तुकडे वेगळे. सांध्याला सुईनं भोक पाडून जाड दोरा ओवा आणि दोन्ही बाजूंनी गाठ मारा. गाठ इतकी घट्ट हवी की हात उचलून सोडला तर तिथंच राहील. सैल गाठीचा हात प्रत्येक फोटोत थोडा खाली येतो आणि चित्रपटात तो थरथरताना दिसतो. उपरणं कापडाचं करू नका, पातळ कागदाचे पाच तुकडे दोऱ्यानं जोडा.

डोळ्याच्या बाहुलीसाठी काळी टिकली वापरा, सर्वांत लहान गोल. हे आम्हाला योगायोगानं सुचलं. आधी मोहरी ठेवून पाहिली, ती घरंगळते. टिकली चिकटते, उचलता येते, परत चिकटते, आणि एका पाकिटात पुरा चित्रपट होतो. नजर फिरवायला टिकली दोन मिलिमीटर सरकवली की पुरते. वेंधळ्या माणसाचं निम्मं काम नजरेत असतं, म्हणून डोळा हलता ठेवणं सोडू नका.

तोंडं पाच करा. मिटलेलं तोंड प, ब, भ, म साठी. मोठं उघडं आ साठी. गोल तोंड ओ आणि उ साठी. पसरट, दात दिसणारं ई, ए आणि च, स, त या वर्गासाठी. आणि खालचा ओठ दाताखाली घेतलेलं व, फ साठी. "चोरी" हा शब्द आमच्या रेकॉर्डिंगमध्ये अर्ध्या सेकंदाचा होता, म्हणजे सहा फोटो: एक पसरट, तीन गोल, दोन पसरट. आरशासमोर मुलांना शब्द सावकाश म्हणायला लावा, तोंडांचा तक्ता ती स्वतःच करतात.

चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यासाठी कॅमेरा झूम करू नका. वीतभर मोठं वेगळं डोकं बनवा.

रंगांचा एक कडक नियम पाळा. पुरावा पिवळा आणि लाल असेल, तर ते दोन रंग दुसरीकडं कुठंही नकोत. आजीचं लुगडं हिरवं, ठकीचा फ्रॉक निळा, माळवदाचं घर मातकट, शेळी काळी. पुराव्याखेरीज पूर्ण चित्रपटात लाल एकच ठेवला, आजीचं कुंकू. तो पहिल्या दृश्यापासून समोर असतो आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. उकलीच्या वेळी तिचं बोट तिथं गेलं की मागं बसलेले मोठे लोकसुद्धा "अरे हो" म्हणतात.

घडवंची आणि उजेड

कॅमेरा वरून सरळ खाली बघणारा हवा. त्यासाठी स्टँड विकत आणू नका. घरात दोन हंड्यांची लाकडी घडवंची असेल तर हंडे उतरवा. एका भोकावर जाड पुठ्ठा ठेवा, त्याला लेन्सएवढं छिद्र पाडा, वर फोन उताणा, म्हणजे पडदा वर आणि लेन्स छिद्रावर, ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. खाली ए-थ्री आकाराच्या कागदावरची पार्श्वभूमी. कागद पडद्यात पूर्ण भरत नसेल तर खाली पाट घालून तो वर उचला. आडव्या पडद्याच्या मापात कागदाचे वरचे आणि खालचे सुमारे तीन-तीन सेंटिमीटर बाहेर जातात, तिथं काही महत्त्वाचं काढू नका. घडवंचीचे पाय आणि कागदाचे कोपरे फरशीला चिकटवून टाका. कामाच्या दिवसांत कोणीही तिला टेकायचं नाही.

उजेडासाठी खिडक्या बंद करा. उन्हात काढलेले फोटो जोडले की ढग सरकल्यागत चित्र लुकलुकतं, कारण दर दहा मिनिटांनी ऊन बदललेलं असतं. एकाच कंपनीचे, एकाच पांढऱ्या छटेचे दोन एलईडी दिवे डाव्या-उजव्या बाजूनं तिरपे लावा, म्हणजे बाहुलीची सावली कागदावर गडद पडत नाही. विजेचा दाब वरखाली होतो तिथं स्वस्त दिवा मंद-तेज होतो. इन्व्हर्टर असेल तर दिवे त्यावर घ्या. वीज गेली तर सुरू असलेलं दृश्य तिथंच थांबवा, परत आल्यावर आधी दोन फोटो काढून जुन्याशी ताडून बघा.

आणि पंखा. मे महिन्यात, बंद खोलीत, पंखा बंद. दुसरा इलाज नाही, कागदी मामा उडून जातो. आम्ही सकाळी साडेसहा ते साडेनऊ काम केलं, वीस मिनिटांची पाळी, एका वेळी आत फक्त तिघं, बाकीचे बाहेर पाणी पीत. मुलांची तब्येत चित्रपटापेक्षा मोठी आहे, दुपारी ही खोली उघडूच नका.

फोनमध्ये स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप घ्या, मोफत आवृत्तीत हे काम भागतं. सुरुवातीलाच फोकस, उजेड आणि रंगछटा लॉक करा. नाहीतर मामाचा पांढरा पटका पडद्यात आला की फोन स्वतःहून सगळं अंधारं करतो. आधीचा फोटो धूसर दिसण्याची सोय असते, ती चालू ठेवा. तारेचा इयरफोन लावला तर बऱ्याच फोनवर त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो निघतो, फोनला हात लागत नाही. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. मी तो टाकला नव्हता. १४० फोटोंनंतर माझ्या आईचा फोन आला, थरथरून मोबाइल केसभर सरकला आणि ते पूर्ण दृश्य दुसऱ्या दिवशी नव्यानं काढावं लागलं.

किती हलवायचं

मूळ तत्त्व शंभर वर्षांहून जुनं आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट टिपली होती आणि पडद्यावर ते रोप भराभर उगवताना दिसलं. आपण रोपाच्या जागी पुठ्ठा हलवतो एवढंच. एका सेकंदाला १२ फोटो धरा. तीन मिनिटांचे होतात २१६०. आकडा बघून घाबरू नका, मामा थांबलेला असतो तिथं एकाच फोटोच्या प्रती चालतात. आम्ही प्रत्यक्षात दीड हजारांच्या आसपास काढले. पहिल्या दिवशी दोन तासांत साठ फोटो झाले, म्हणजे पाच सेकंद. शेवटच्या आठवड्यात तेवढे अर्ध्या तासात होत होते.

पहिलं दृश्य चालवून पाहिलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मामा चालंना गेलाय, घसरायलाय." अगदी बरोबर. मुलं बाहुलीला धडाला धरून पुढं ढकलतात आणि दोन्ही पाय सोबत सरकतात. चालताना एक पाय जमिनीला खिळलेला असतो. त्या पावलाखाली दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीचा तुकडा लावा. ते हलणार नाही, धड त्याच्यावरून पुढं जाईल, मग मागचा पाय उचलून पुढं येईल. एक पाऊल सहा फोटोंत, म्हणजे अर्ध्या सेकंदात. १५ सेंटिमीटरचा मामा प्रत्येक फोटोला सात-आठ मिलिमीटर पुढं जातो. पाय एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी डोकं दोन मिलिमीटर वर, पाय फाकतात तेव्हा खाली. एवढ्यानं त्याच्या अंगात वजन येतं.

कुठलीही हालचाल सुरू होताना आणि संपताना हळू असते. हात उचलायचा तर पहिल्या फोटोत एक मिलिमीटर, मग दोन, चार, आठ, परत आठ, चार, दोन, एक. पळायच्या आधी अंग चार-पाच फोटो मागं झुकवा. डोळ्याची उघडझाप तीन फोटोंत होते.

थांबणं

वेंधळेपणा हालचालीत नसतो, थांबण्यात असतो. हे कळायला आम्हाला दोन आठवडे लागले.

लाल पट्ट्याचं दृश्य घ्या. पहिल्यांदा मुलांनी असं केलं: मामा पट्टा बघतो, लगेच दचकतो, लगेच ओरडतो. कोणी हसलं नाही. मग आम्ही त्याला पट्ट्यावरून पुढं जाऊ दिलं. सहा फोटो नजर पट्ट्यावर, चेहरा शांत. बारा फोटो तो आपल्या वाटेनं चालतो. मग थांबतो. आठ फोटो काहीच हलत नाही, फक्त पाचव्या फोटोत टिकली दोन मिलिमीटर मागं सरकते. त्यानंतर दोन फोटोंत डोकं गर्रकन मागं. त्या आठ फोटोंत, म्हणजे सेकंदाच्या पाऊण भागाहूनही कमी वेळात, बघणाऱ्याला मामाच्या डोक्यात चाललेलं सगळं दिसतं. दहा केले तर दृश्य लांबतं, पाच केले तर हातून निसटतं. आम्ही चारदा मोजून आठवर आलो. तुमच्या दृश्याचा आकडा वेगळा निघेल, पण तो असाच एकेक फोटो वाढवून-घटवून काढा.

दुसरी जागा मामा स्वतःचाच माग काढतो ती. पहिली चकर पूर्ण वेगात. दुसऱ्या चकरीत ठकी मध्ये उभी, फक्त तिची नजर मामासोबत फिरते. ती बोलत नाही. मुलांना तिथं "मामा, मागं बघ!" असा संवाद हवा होता. मी नको म्हटलं, कारण ते वाक्य बघणाऱ्यानं म्हणायचं असतं. ठकीनं म्हटलं की आपल्याला काही उरत नाही.

आणि फजिती झाल्यावर मामाचा चेहरा. डबी सापडते तेव्हा तो खजील होऊन खाली बघतो, असं आधी केलं होतं. आजी त्याला हसते, ठकी हसते, मामा एकटा पडतो. ते बघताना एका लहान मुलीचा चेहरा उतरला. आम्ही शेवट बदलला: मामा डबी उघडतो, छाती फुगवतो आणि म्हणतो, "सापडली का न्हाय, माय? मी म्हनलोच हुतो!" आजी त्याला पान लावून देते. त्याची चूक उघडी पडते, मान राहतो.

खरी हळद, खरा चुना

लाल होण्याचं जवळचं दृश्य रंगानं करू नका, खरं करा. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. कॅमेऱ्याखाली ताणून लावा. वाटीत चुन्याची निवळी घ्या, बारीक ब्रशनं कडेपासून पाच मिलिमीटर ओढा, फोटो काढा, पुन्हा पाच मिलिमीटर. पिवळ्यातून लाल रेघ सरपटत पुढं येते. आमच्या खोलीत तेव्हा कोणी श्वासही घेत नव्हतं. हळदीतलं रंगद्रव्य क्षाराशी भेटलं की लालसर होतं, म्हणून साबणानं हळदीचा डाग धुतानाही तसंच दिसतं. त्याच कापडावर लिंबू पिळलं तर ते परत पिवळं होतं. आम्ही चित्रपटाचं शेवटचं दृश्य यावरच केलं: मामा लिंबू-सरबत पिताना उपरण्यावर सांडतो, रगत गायब होतं, आणि तो नव्या गुन्ह्याच्या शोधाला पळतो.

चुन्याला मुलांनी हात लावायचा नाही. डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ब्रश मोठ्या माणसाच्या हातात, डोळ्याला चष्मा, आणि मुलं हातभर लांब. हळदीची पूड बाहुल्यांच्या सेटवर मुळीच आणू नका. एकदा कागदाला लागली की निघत नाही आणि रंगांचा सगळा नियम मोडतो.

जोडणी

व्हीएन, काइनमास्टर यांपैकी कुठलंही ॲप चालेल. दृश्यं क्रमानं लावा, खाली संवाद, त्याखाली बारीक आवाज. वाळलेली हळकुंडं डब्यात हलवली की शेळीची टापटाप होते, पुठ्ठ्यावर टिचकी मारली की डबीचं झाकण. सिनेमाची गाणी उचलू नका. आमच्यातल्या एकाच्या घरी हलगी होती, तिच्या कडेवर काडी वाजवून मामाची चाल बसवली आणि तो थांबतो तिथं हलगीही थांबवली. दर दिवशीचं काम संध्याकाळी दुसऱ्या फोनवर उतरवून ठेवा.

कसोटी

गावाला दाखवण्याआधी पाच-सहा वर्षांच्या, चित्रपटात काम न केलेल्या एका मुलाला बोलवा. आवाज बंद करा, काहीच सांगू नका, आणि पडद्याकडं न बघता त्याच्याकडं बघा. मामा दुसरी चकर मारतो तिथं त्यानं बोट दाखवायला हवं. आमच्याकडं शेजारची एक मुलगी आली होती. पहिल्या वेळी ती शांतपणे बघत राहिली. आम्ही परत गेलो, सुरुवातीच्या गाठ मारण्याच्या दृश्यात डबीचं जवळचं चित्र एका सेकंदानं वाढवलं आणि उपरण्याची गाठ जराशी मोठी कापली. दोन दिवसांनी तिच्याचसारख्या दुसऱ्या मुलाला बसवलं. मामा रांजणामागं गेला, आणि तो पाटावरून उठून ओरडला, "आवो मामा, तुमच्या उपरन्यात हाय!"